राखून ठेवलेली खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर कोणी बसलेलं आहे की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. तुम्ही हसाल. खुर्चीला एवढंही कळू नये? टेबलाला कळलं नाही तर समजू शकतो, पण खुर्चीला दुसरं काम तरी काय असतं? तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मीही पुष्कळ वर्षं असंच म्हणत होते. पण माझ्या वाट्याला जे आलं ते ऐकलंत, तर तुमचंही डोकं चक्रावेल.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात, उरल्यासुरल्या लाकडातून झाला. कोणाच्या तरी घरासाठी त्याने जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या केल्या आणि राहिलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून मला जोडलं. माझी पाठ एका लाकडाची आणि पाय दुसऱ्या लाकडाचे. त्यातला मागचा डावा पाय अंमळ आखूड राहिला. सुताराने मला जमिनीवर ठेवलं, बोटाने हलवून पाहिलं, मी डुगडुगले. "चालतंय," तो म्हणाला आणि विडी पेटवायला बाहेर गेला. त्याच्या त्या 'चालतंय'चं ओझं मी जन्मभर वाहते आहे.

तिथून मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत आले. तिथे माझं शिक्षण झालं असं म्हणायला हरकत नाही. कोण कसं बसतं यावरून मला त्याचं दुखणं कळू लागलं. पोटदुखीवाला पुढे वाकून बसतो. कंबरदुखीवाला बसतच नाही, बसल्यासारखं करतो. ज्याला काही झालेलं नसतं, नुसती भीती असते, तो एकदा बसतो, एकदा उठतो, पुन्हा बसतो. ताप असलेल्या मुलाला मांडीवर घेऊन आई बसली की दोघांचं वजन एकाच माणसाचं असल्यासारखं यायचं. डॉक्टर आतून हाक मारायचे, माणूस उठायचा आणि त्याची ऊब माझ्यावर थोडा वेळ राहायची. तेवढ्यात दुसरा यायचा. मी डुगडुगते म्हणून लोक कुरकुर करायचे, कोणीतरी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचं, ती झाडताना केरात जायची. पण त्या दिवसांत मला कधी कोडं पडलं नाही. बसलं की बसलं, उठलं की उठलं. सगळा रोखठोक कारभार होता.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेले आणि जाताना आपलं सामान ओळखीच्या लोकांना देऊन टाकलं. मी एका ख्रिस्ती मंडळीच्या वाट्याला आले. मंडळी लहान होती. त्यांच्याकडे शिखराचं, घंटेचं देऊळ नव्हतं. पहिल्या मजल्यावर एक भाड्याचा हॉल, खाली टायरचं दुकान, समोरच्या दारात दातांचा दवाखाना. हॉलमध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक पडदा होता, त्यावर गाण्याच्या ओळी उमटायच्या. पास्टर तरुण होते, स्वतःच गिटार वाजवायचे आणि सूर चुकला की गाण्याच्या मध्येच हसायचे. रविवारी उपासना आणि बुधवारी संध्याकाळी प्रार्थना सभा असायची. सभेला सगळे गोल करून बसायचे.

त्या गोलात मीही होते, पण माझ्यावर कोणी बसत नसे. एकदा बसलेला माणूस पुढच्या बुधवारी शहाणा होऊन प्लास्टिकच्या खुर्चीकडे वळायचा. माझा अपमान मी मुकाट्याने गिळत होते. अशात एका बुधवारी पास्टरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मंडळी, ही खुर्ची आपोआपच रिकामी राहते. आपण ती तशीच ठेवूया," ते म्हणाले. "प्रभूसाठी. तो आपल्यामध्ये बसलेला आहे, याची आपल्याला आठवण राहील."

सगळ्यांना ते फार आवडलं. आणि मित्रांनो, माझ्या गोंधळाला तिथून सुरुवात झाली. कालपर्यंत डुगडुगते म्हणून टाळलेली खुर्ची, आज त्याच कारणाने देवाची झाली. आता मी आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं? बरं, देवाला डुगडुगती खुर्ची चालते का, हेही कोणी विचारलं नाही.

मंडळीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना टेलरकाकू म्हणत. त्यांनी माझ्यासाठी जांभळ्या कापडाची जाड गादी शिवली, चारी कोपऱ्यांना नाड्या लावून पक्की बांधली. मंडळीचे सेक्रेटरी शिस्तीचे गृहस्थ होते. "कोणी चुकून बॅगसुद्धा ठेवायची नाही," असं त्यांनी बजावलं. लहान मुलं माझ्याजवळून दबकत जाऊ लागली. आणि दर बुधवारी पास्टर डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, तू इथे बसला आहेस."

बसला आहे? मी अंग ताठ करून वाट बघायची. वजन काही येत नव्हतं. मी मनाशी म्हणायची, देवाचं वजन माणसासारखं थोडंच असणार? कदाचित ते इतकं हलकं असेल की मला कळत नसेल. कदाचित इतकं जड असेल की सुताराच्या दुकानात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हापासूनच ते माझ्यावर असेल आणि मला त्याची सवय झाली असेल.

त्यात भर म्हणजे आमेनआजोबा. त्यांचं खरं नाव काय होतं कोण जाणे. कोणी काहीही बोललं की ते मोठ्याने आमेन म्हणायचे, अगदी 'पंखा जरा कमी करा' म्हटलं तरी. खालच्या टायरच्या दुकानासमोर ट्रक येऊन थांबला की जमीन हादरायची आणि मी डुगडुगायची. आजोबा ओरडायचे, "हलली! खुर्ची हलली! आमेन!" बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला लाजल्यासारखं व्हायचं, कारण मला ट्रक माहीत होता. पण लगेच वाटायचं, ट्रक आला म्हणून देव आला नाही, असं तरी कसं म्हणावं?

माझ्यासारखाच प्रश्न आणखी एका जिवाला पडला होता. ते मला टेलरकाकूंमुळे कळलं. गोल मोडून सगळे निघून गेले की दिवे-पंखे बंद करायचं काम काकूंकडे होतं. जाता जाता त्या माझ्याजवळ यायच्या, दाराकडे एकदा बघून घ्यायच्या आणि गादीवर तळहात ठेवायच्या. मला आधी वाटलं, धूळ बघतात. नंतर लक्षात आलं, त्या ऊब चाचपत होत्या. कोणी बसून गेलं असेल तर गादी गरम लागेल, एवढा साधा हिशेब. गादी गार असायची. काकू हात काढून घ्यायच्या आणि दिवा बंद करायच्या.

काकूंवर कुठलं संकट कोसळलेलं नव्हतं. कोसळलं असतं तर सांगायला तरी बरं पडलं असतं. पूर्वी त्या मशीनवर बसल्या की देवाशी बोलायच्या. ही बाही उसवायची आहे, त्या मुलीचं लग्न ठरू दे, सुई कुठे पडली बघ जरा, असं सगळं. खोलीत कोणीतरी ऐकतं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. मग एक दिवस बोलता बोलता त्यांच्या मनात आलं की आपण एकट्याच बोलतो आहोत. त्या दिवसापासून ते मनातून गेलं नाही. इकडे सभेत प्रत्येकाची साक्ष चालायची, म्हणजे आपापला देवाचा अनुभव सांगणं. प्रभू माझ्याशी बोलला. प्रभूने मला गाडी लावायला जागा दाखवली. काकू मान डोलवायच्या. हे सगळं त्यांनी मलाच सांगितलं, गादीच्या नाड्या पुन्हा पुन्हा घट्ट करत. आणि एका बुधवारी, सभेच्या आधी माझी पाठ पुसताना म्हणाल्या, "आज सांगून टाकते सगळ्यांना. उद्यापासून मी यायची नाही. मनात काही नसताना इथे बसायचं, हे खोटं आहे. देवाशीही खोटं आणि यांच्याशीही."

 काकू गेल्या तर माझा प्रश्न समजणारं या हॉलमध्ये दुसरं होतं कोण?

सभा सुरू झाली. गाणी झाली. साक्षीच्या आधी पास्टरांनी प्रार्थनेला सुरुवात केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. आमेनआजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पास्टरांची प्रार्थना नेहमीच लांबायची, त्या दिवशी तर अंगात आल्यासारखी रंगली. "प्रभू, आम्ही तुझी वाट बघून थकलो आहोत," ते म्हणाले. "आज तू आम्हाला दिसावास!"

तेवढ्यात दार हळूच उघडलं. पावलं आली. आणि मित्रांनो, माझ्यावर वजन आलं.

इतक्या वर्षांनी! खरंखुरं, भरभक्कम वजन! मी डुगडुगले, सावरले आणि दवाखान्यातल्या सवयीने लगेच अंदाज घेऊ लागले. बसणारा अगदी कडेला टेकला होता. अंग उजवीकडे कललेलं, गालाला हात लावलेला, पाय सुजल्यासारखे जड. मी ओळखलं, हा दाढदुखीवाला. मग मी चक्रावले. देवाची दाढ दुखते? पण नंतर वाटलं, आजवर माझ्यावर जे जे बसलं त्याचं काही ना काही दुखतच होतं. देवाचंच तेवढं दुखू नये असा नियम कोणी केला?

आमेनआजोबांनी चाहूल लागून डोळे उघडले. चष्मा खिशातच होता. त्यांना जांभळ्या गादीवर धूसर आकृती बसलेली दिसली आणि ते सरळ गुडघ्यांवर आले. "आला! प्रभू आला!" सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. एकीने किंचाळी फोडली.

माझ्यावर एक बाई बसली होती. खाकी गणवेश, खांद्यावरून चामड्याची बॅग. बसची कंडक्टर. एका बाजूने गाल टम्म सुजलेला. तिने घाबरून सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कितवा नंबर चालू आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"दाताचे डॉक्टर ना हे?" ती म्हणाली. "सगळे असे खाली माना घालून बसलेले दिसले, मला वाटलं, बापरे, किती लोकांची दाढ दुखते!"

"डॉक्टर समोर," सेक्रेटरी उठून उभे राहिले. "अजून आलेले नसतील. पण बाई, तुम्ही आधी तिथून उठा. ती जागा राखीव आहे."

बाई पटकन अर्धवट उठली. राखीव जागा म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? "कोणासाठी?" तिने विचारलं.

सेक्रेटरींनी पास्टरांकडे बघितलं. पास्टरांनी गिटारकडे बघितलं. शेवटी आजोबांनीच सांगितलं, "प्रभूसाठी."

"बरं," बाई म्हणाली. तिला थट्टा करायची नव्हती, नीट समजून घ्यायचं होतं. "आज येणार आहेत का ते? नाही म्हणजे, सकाळपासून उभी आहे मी गाडीत. आमच्याकडे असं असतं, ज्याची जागा आहे तो येईपर्यंत दुसऱ्याने बसायचं. ते आले की उठते मी."

आज येणार आहेत का ते? हे विचारायचं धाडस इतक्या वर्षांत कोणाला झालं नव्हतं. मलाही नाही. मला तर बोलताच येत नाही.

"मलाही हेच विचारायचं होतं," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून बसल्या जागीच बोलल्या. "मी दर बुधवारी, तुम्ही गेलात की, त्या गादीवर हात ठेवून बघते. गार असते. एकदाही गरम लागली नाही. आता तुम्ही म्हणाल, हा कसला विश्वास. मीही तेच म्हणते आहे. म्हणून आज सांगणार होते..." आणि त्यांना रडू आलं.

"काकू!" सेक्रेटरी म्हणाले.

पास्टरांनी बायबल उघडलं आणि पुन्हा मिटलं. एरवी त्यांच्याकडे वचनं तोंडपाठ असायची. "काकू, मी दर बुधवारी म्हणतो, तो इथे बसला आहे," ते म्हणाले. "मी म्हणतो म्हणून मला दर वेळी तसं वाटतंच असं नाही. कधीकधी मी म्हणतो आणि मलाच ऐकू येतं, की मी एकटाच बोलतो आहे."

मी ऐकत राहिले. एकाच खोलीत, एकाच गोलात, दोघं एकच गोष्ट लपवून बसले होते आणि मध्ये मी. आजोबांना इथे आमेन म्हणायचं होतं की नाही ते ठरेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

कंडक्टरबाईला यातलं काहीच कळलं नव्हतं. ती अजून अर्धवट उभी होती, एक हात गालाला, एक माझ्या पाठीवर. "मग मी बसू की नको, मावशी?" तिने काकूंनाच विचारलं.

काकूंनी पदराने नाक पुसलं. "बस गं. बस तू. केव्हाची उभी आहेस."

बाई बसली. या वेळी कडेला नाही, चांगली मागे रेलून बसली. काकूंनी आपल्या थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओतलं, कोपऱ्यातल्या चहाच्या सामानातून मीठ शोधलं, तिला खिडकीशी नेऊन चुळा भरायला लावल्या आणि पुन्हा आणून बसवलं. पास्टरांनी गिटार उचललं, पण मोठ्याने वाजवायची कोणाची छाती झाली नाही. सगळे हळू आवाजात, जवळजवळ गुणगुणल्यासारखे गायले. दुसऱ्या कडव्यापर्यंत कंडक्टरबाईची मान खांद्यावर पडली आणि ती झोपली. झोपलेल्या माणसाचं वजन वेगळंच असतं. ते सगळं तुमच्या हवाली केलेलं असतं. मी माझा आखूड पाय जमिनीवर रोवून अजिबात हलायचं नाही असं ठरवलं होतं. खाली एक ट्रक आला आणि गेला.

समोरच्या दवाखान्यातून हाक आल्यावर काकूंनी तिला उठवलं. ती गडबडीने बॅग सावरत निघाली आणि दारात थांबून गोलाकडे बघत म्हणाली, "ते आले नाहीत वाटतं." मग गालाला हात लावून समोर गेली.

त्या दिवशी सभा कशी संपली ते कोणालाच नीट सांगता येणार नाही. शेवटची प्रार्थना झाली की राहिली, यावरही नंतर वाद झाला. सगळे गेल्यावर काकू पंखा बंद करायला आल्या. दाराकडे न बघताच त्यांनी गादीवर तळहात ठेवला.

गादी गरम होती.

काकू खुदकन हसल्या. "तिचीच ऊब आहे ही. एवढं कळतं मला," त्या म्हणाल्या. पण त्यांनी हात काढला नाही. ऊब जाईपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. आणि मी? माझं डोकं पार भिरभिरलं होतं. ती कंडक्टर होती हे शंभर टक्के खरं. मग पास्टरांनी 'दिसावास' म्हणायला आणि दार उघडायला एकच गाठ कशी पडली? आणि तो जर योगायोग असेल, तर ऊब जाईपर्यंत काकू का उभ्या राहिल्या?

पुढच्या बुधवारी काकू आल्या. मला हायसं वाटलं. यायचं बंद करते असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही, आणि सगळं पहिल्यासारखं झालं असंही म्हटलं नाही. मंडळीच्या फोनवरच्या ग्रुपवर मात्र रणधुमाळी चालली होती. प्रभूची जागा बाटवली, असं एका कुटुंबाचं मत पडलं, ते दुसऱ्या मंडळीत जाऊ लागलं. सेक्रेटरींनी सुचवलं, की आता एक नवी, चांगली खुर्ची आणून तिला फीत बांधावी. पास्टर म्हणाले, "विचार करू," आणि अजून विचारच करत आहेत. काकूंनी कोणाला विचारलं नाही. समोरच्या दवाखान्यात गर्दी झाली की त्या दारात उभ्या राहायच्या आणि जो कोणी जिन्यात ताटकळत असेल त्याला आणून माझ्यावर बसवायच्या. पार्सलवाला बसला, शाळेतल्या बाई बसल्या, नातवाला घेऊन एक आजी बसल्या. कोणी गाणं ऐकायला थांबायचं, कोणी नाही. सेक्रेटरी कितीतरी दिवस माझ्याकडे बघतही नव्हते. मग त्यांचे गुडघे दुखू लागले. एकदा सभेला लवकर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि गपकन बसले. मी कोणाला सांगितलं नाही.

आता शेवटचं सांगते. परवाच्या बुधवारी दातांचा दवाखाना बंद होता. पास्टर गावाला गेले होते. मोजकीच माणसं आली, थोडं गायली, गेली. जिन्यात कोणी नव्हतं. दिवसभर माझ्यावर कोणी बसलं नव्हतं. काकूंनी पंखा बंद केला, माझ्याजवळ आल्या, तळहात ठेवला. गार.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता झालं. आता पुन्हा तेच सगळं सुरू होणार. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की काकू, मलाही काही कळत नाही हो, पण तुम्ही जाऊ नका.

मग काकू वळल्या, साडी सावरली आणि माझ्यावर बसल्या. इतकी वर्षं त्यांनी मला पुसलं, गादी शिवली, नाड्या बांधल्या, पण बसल्या कधी नव्हत्या. मी डुगडुगले. "अगं बाई," त्या म्हणाल्या आणि नीट मागे रेलल्या. मशीनवर वाकून वाकून पाठीला आलेला पोक मला जाणवला. समोर रिकाम्या पांढऱ्या खुर्च्यांचा गोल होता.

"जागा तुझीच आहे," काकू म्हणाल्या. "तू आलास की उठते मी."

आणि त्या बोलू लागल्या. एका पँटची चेन सारखी अडकते. चाळिशीचा नंबर वाढला आहे. सेक्रेटरींच्या गुडघ्याचं बघ. पूर्वी मशीनवर बोलायच्या तसंच. कोणी उत्तर दिलं का? मला ऐकू आलं नाही. कोणी आलं का? काकू उठल्या नाहीत, एवढं मी सांगू शकते. पण त्यांना उठवायची त्याची इच्छा नसेल, तर?

मित्रांनो, माझ्याकडून शिकवण घ्यायची तर थोडी पंचाईतच आहे, कारण जिला स्वतःलाच काही उमगलेलं नाही ती दुसऱ्याला काय शिकवणार? तरी एक मागणं आहे. तुम्ही कोणासाठी एखादी जागा राखून ठेवली असेल, तर राखा. त्याची वाट बघा, दार लोटून ठेवा. पण गादी गार पडू देऊ नका. दारात जो उभा असेल त्याला बसवा, आणि कोणीच नसेल तर स्वतः बसा. माझा पाय अजून आखूडच आहे. तेव्हा जरा सांभाळून बसा, पण बसा.